आयुका : दीर्घिकांच्या शिरगणतीचा इतिहास

२९ डिसेंबर १९८८ रोजी पुण्याच्या गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, एका नव्या संस्थेची पायाभरणी झाली. आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र हे तिचे पूर्ण नाव. पण इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले ‘आयुका’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसले. क्वेसार, कृष्णविवरे, गुरुत्वीय लहरी, सूर्य अशा नाना विषयांवर तिथे काम झाले आणि आजही चालू आहे. या लेखात त्यातला एकच धागा धरला आहे : विश्वाच्या पसाऱ्यात दीर्घिका कशा विखुरल्या आहेत, त्यांचे पुंजके केवढे असतात आणि ते मोजायचे कसे.

ढाणकीत निघणाऱ्या स्मरणिकेत पुण्याच्या संस्थेचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. एक तर ही संस्था पुण्यात असली तरी पुण्याची नाही. ती देशातल्या सगळ्या विद्यापीठांसाठी काढलेली आहे. तेव्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचाही तिच्यावर हक्क आहे. दुसरे म्हणजे, पैनगंगेच्या पलीकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया हा जो मोठा प्रकल्प उभा राहणार आहे, त्यात आयुका भागीदार आहे. आणि दीर्घिकांच्या या मोजणीशी त्याचा थेट संबंध आहे. तो पुढे येईलच.

बीज : केंब्रिज, १९६१

संस्थेचा इतिहास पायाभरणीपासून सुरू होतो. विचाराचा त्याच्या आधीपासून. १९६१ साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करणारे जयंत नारळीकर २२ वर्षांचे होते. हॉइल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धान्त सांगत होता की विश्वाला आरंभ नाही आणि ते सर्वकाळ साधारण सारखेच दिसते. त्याच विद्यापीठातल्या मार्टिन राइल यांनी आकाशातले रेडिओ स्रोत मोजले. मंद, म्हणजे दूरचे, स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त भरले. राइल यांच्या मते या मोजणीने हॉइल यांचा सिद्धान्त निकालात काढला होता.

हॉइल आणि नारळीकर यांनी त्यावर उत्तर तयार केले आणि फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ते मांडण्याची जबाबदारी या तरुण विद्यार्थ्यावर आली. उत्तराचा गाभा असा : स्रोत आकाशात एकसारखे पसरलेले आहेत हे गृहीत कशावरून? दीर्घिकांचे प्रचंड मोठे महासमूह असतील आणि त्यांच्या मध्ये तेवढ्याच मोठ्या पोकळ्या असतील, तर अशा विश्वातल्या एखाद्या निरीक्षकाला राइल यांच्यासारखे आकडे मिळू शकतात.

पुढे काय झाले हे मजेदार आहे. स्थिर स्थितीचा सिद्धान्त टिकला नाही. १९६५ मध्ये सापडलेल्या वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाने बहुतेक शास्त्रज्ञांचा कल महास्फोटाकडे झुकवला. पण त्या सिद्धान्ताच्या बचावासाठी उभे केलेले महासमूह आणि पोकळ्यांचे चित्र, जे १९६१ मध्ये अनेकांना ओढूनताणून आणलेले वाटले असेल, ते वीस-पंचवीस वर्षांत प्रत्यक्ष मोजणीत खरे निघाले. ज्याच्या हातून पुढे आयुका घडली त्या माणसाचा दीर्घिकांच्या विखुरणीशी संबंध असा विद्यार्थिदशेतच जुळला होता.

गणेशखिंडीतली उभारणी

१९७२ मध्ये नारळीकर केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल. भारतात चांगले संशोधन मोजक्या राष्ट्रीय संस्थांत एकवटले होते आणि विद्यापीठे केवळ शिकवण्यापुरती उरत चालली होती, ही त्यांची खंत. एकेका विद्यापीठाला मोठी दुर्बीण, मोठा संगणक किंवा जगभरच्या नियतकालिकांनी भरलेले ग्रंथालय परवडणार नाही. मग सगळ्यांनी मिळून वापरायची सोय एका ठिकाणी करावी, अशी ही कल्पना. नारळीकरांनी खगोलशास्त्रासाठी ती उचलली. पुणे विद्यापीठाच्या गणित विभागातले नरेश दधीच आणि टाटा संस्थेतले अजित केंभावी हे पहिल्यापासूनचे सहकारी. पुढे दोघेही आयुकाचे संचालक झाले : दधीच २००३ मध्ये, केंभावी २००९ मध्ये.

इमारतींचे काम वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्याकडे गेले. मुख्य संकुलाचे नाव देवयानी, निवासाचे आकाशगंगा. मधल्या चौकात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे कुंड आहे आणि तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही संस्थेत टांगलेला आहे. २८ डिसेंबर १९९२ रोजी नोबेल विजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत संस्था राष्ट्राला अर्पण झाली. संस्थेच्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे.

पण खरी उभारणी नियमावलीत झाली. विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी आयुकाने ‘सहयोगी’ योजना काढली. निवड झालेला शिक्षक तीन वर्षे हवे तेव्हा येऊन राहू शकतो. प्रवासखर्च आणि राहण्याजेवणाची व्यवस्था संस्थेची. ग्रंथालय, संगणक, चर्चेला माणसे सगळे मोकळे. नोकरी आपापल्या गावी, संशोधनाची बैठक पुण्यात. सुट्टी लागली की बॅग उचलून आयुका गाठणारे प्राध्यापक देशाच्या कानाकोपऱ्यांत तयार झाले ते या योजनेमुळे.

आणखी एक गोष्ट इतिहासात नोंदवायला हवी. संचालक नारळीकर महास्फोटाच्या सिद्धान्ताचे आयुष्यभर टीकाकार राहिले. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीची सुधारित आवृत्ती मांडली. त्यांच्याच संस्थेत त्यांनीच बोलावलेले थाणू पद्मनाभन आणि वरुण साहनी हे महास्फोट गृहीत धरून दीर्घिकांची जडणघडण अभ्यासत होते. पद्मनाभन यांचा विश्वातील संरचनेच्या निर्मितीवरचा ग्रंथ १९९३ मध्येच केंब्रिजने प्रसिद्ध केला. संचालकाचे मत एक आणि दालनांतले काम दुसरे, तरी कुणाची अडवणूक झाली नाही. उलट १९९९ मध्ये नारळीकरांनी सहकाऱ्यांसह आपल्या सिद्धान्तातूनही दीर्घिकांचे तसेच पुंजके तयार होतात का, हे संगणकावर तपासून पाहिले. मोजमाप सगळ्यांना सारखेच लागू होते : तुमचा सिद्धान्त कोणताही असो, आकाशातल्या पुंजक्यांशी त्याचा ताळा जुळला पाहिजे.

मोजणीचे गणित

हा ताळा कसा घेतात? उमरखेड तालुक्याचा नकाशा समोर धरा. गावे आणि तांडे पैनगंगेच्या काठाने आणि रस्त्यांच्या कडेने दाटलेले दिसतात. अभयारण्याच्या भागात मात्र मोठी मोकळी जागा आहे. एका गावापासून पाच किलोमीटरवर दुसरे गाव असण्याची शक्यता किती, हे विचारले तर आधी तुलनेसाठी एक खोटा नकाशा करावा लागेल : तेवढीच गावे, त्याच हद्दीत, पण डोळे मिटून टाकलेल्या ठिपक्यांसारखी. मग दोन्ही नकाशांत पाच-पाच किलोमीटरवरच्या जोड्या मोजायच्या. खऱ्यात किती जास्त भरल्या, ते त्या अंतरावरच्या दाटीचे माप.

दीर्घिकांच्या बाबतीत हेच करतात. त्याला सहसंबंध फलन म्हणतात. अंतर बदलत जायचे आणि प्रत्येक अंतराला जोड्या मोजायच्या. मोजणीतून कळले ते असे : एखाद्या साधारण दीर्घिकेपासून सुमारे सव्वादोन कोटी प्रकाशवर्षांवर दुसरी दीर्घिका भेटण्याची शक्यता यदृच्छेपेक्षा दुप्पट असते. त्याहून जवळ ती झपाट्याने वाढते, दूर गेले की घटते.

खोटा नकाशा बनवणे हेच यातले कौशल्याचे काम. दुर्बिणीने जिथे पाहिलेच नाही, जिथे तेजस्वी तारा आड आला, जिथे ढगांमुळे रात्र वाया गेली, ते सगळे त्या खोट्या सूचीतही तसेच उतरवावे लागते. तसे केले नाही तर आपल्याच मोजणीची भोके विश्वातल्या पोकळ्या म्हणून गळ्यात पडतात.

सुरुवातीला अंतर ठाऊकच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत डोनाल्ड शेन आणि कार्ल विर्टानेन यांनी छायाचित्रांच्या काचांवर सूक्ष्मदर्शकातून सुमारे दहा लाख दीर्घिका वर्षानुवर्षे मोजल्या. ती सूची १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. जिम पीबल्स यांनी तिच्यावर सहसंबंधाचे गणित चालवले. पण ते आकाश सपाट होते. तिसरी मिती मिळते ती ताम्रसृतीमुळे. विश्व प्रसरण पावते आहे, म्हणून दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटातल्या रेषा लाल बाजूला सरकतात. जितकी दूर तितकी जास्त. एकेक वर्णपट घ्यायला तेव्हा दुर्बिणीचा बराच वेळ लागे. १९८६ मध्ये व्हॅलेरी द लापाराँ, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका पट्टीतल्या सुमारे १,१०० दीर्घिकांची अंतरे मांडली, आणि पहिल्यांदा डोळ्यांना दिसले की दीर्घिका पातळ भिंतींवर आणि धाग्यांवर बसल्या आहेत, मध्ये भल्यामोठ्या पोकळ्या आहेत.

त्यानंतर मोजणीचा वेग वाढला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अपाचे पॉइंट इथे अडीच मीटरच्या दुर्बिणीने २००० मध्ये स्लोन सर्वेक्षण सुरू झाले. तिथली तेव्हाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आकाशाच्या ज्या तुकड्याचे वर्णपट घ्यायचे, त्यातल्या दीर्घिकांच्या नेमक्या जागांवर अ‍ॅल्युमिनियमच्या गोल तबकडीला ६४० भोके पाडायची. दिवसा माणसांनी बसून एकेका भोकात हाताने एकेक ऑप्टिकल फायबर खोचायचे. रात्री ती तबकडी दुर्बिणीच्या नाभीवर चढवली की ६४० वर्णपट एका दमात मिळत. तुकडा बदलला की तबकडी बदलायची. अशा हजारो तबकड्या लागल्या. आणि ही सूची सर्वांसाठी खुली केली गेली. आयुकाच्या पुढच्या इतिहासाला वळण देणारी गोष्ट ती हीच.

पुंजक्यांच्या आकाराला माप

जोड्या मोजून दाटी कळते, आकार कळत नाही. समान दाटीचे दोन पुंजके, एक गोळ्यासारखा आणि दुसरा दोरासारखा, सहसंबंध फलनाला जवळजवळ सारखेच. ही उणीव भरून काढायला आयुकाच्या वरुण साहनी यांनी बी. एस. सत्यप्रकाश आणि सर्गेई शांदारिन यांच्यासह १९९८ मध्ये एक पद्धत मांडली. पुंजक्याचे घनफळ, त्याच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ आणि त्या पृष्ठाची वक्रता यांवरून तीन लांब्या काढायच्या : जाडी, रुंदी आणि लांबी. तिन्ही सारख्या असतील तर गोळा. एक फार लहान असेल तर पापुद्रा. एक फार मोठी असेल तर तंतू. पुंजक्याच्या आरपार किती भोके आहेत, हेही याच जातीच्या गणितातून निघते. पुढे जतुश शेठ यांच्यासह त्यांनी हे माप संगणकावर नेमके काढणारी आज्ञावली लिहिली. आज जगभर महासमूहांच्या आकाराची चर्चा होते तेव्हा या मापांचा उल्लेख येतो.

पुण्याबाहेरही ही वाट रुळली. पद्मनाभन यांचे आयुकातले विद्यार्थी जसजीत बागला यांनी पुढे अलाहाबादच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेत असताना कोट्यवधी कणांचे गुरुत्वाकर्षण संगणकावर चालवण्याची नवी पद्धत बसवली. खरगपूरच्या आयआयटीत सोमनाथ भारद्वाज यांनी साहनी, सत्यप्रकाश, शांदारिन आदींबरोबर दीर्घिकांच्या सूचीत तंतू खरोखर आहेत, केवळ डोळ्यांचा भास नाही, हे आकड्यांनी दाखवले. त्यांच्याच गटाने स्लोनच्या सूचीवरून आणखी एका मूलभूत प्रश्नाला हात घातला : विश्व किती मोठ्या प्रमाणावर पाहिले की सगळीकडे सारखे दिसू लागते? उत्तर निघाले सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षे. या कामात सहभागी असलेल्या प्रकाश सरकार यांचे नाव थोड्याच वेळात पुन्हा येईल.

सरस्वती

१३ जुलै २०१७ रोजी आयुकाने एका शोधाची घोषणा केली. मीन राशीत, आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक महासमूह सापडला होता. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे. त्यात दीर्घिकांचे किमान ४३ मोठे समूह. वस्तुमान सूर्याच्या कितीपट, तर दोनावर सोळा शून्ये. नाव ठेवले सरस्वती.

तो आकाशात कुठे, हे आपल्या भागातल्या काळोख्या रात्री सहज दाखवता येते. कार्तिकात रात्री आठच्या सुमारास पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन डोक्याजवळ येतो. त्याच्या दक्षिणेला मीनेतल्या मंद ताऱ्यांचे कडे आहे. सरस्वती त्याच बाजूला. डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. साध्या दुर्बिणीलाही नाही. तो सापडला तो सूचीत.

शोधाचे प्रमुख आयुकाचे जयदीप बागची. या महासमूहातल्या एका समूहावर ते २००२ च्या आधीपासून काम करत होते. तो एकटाच नसून कशाचा तरी भाग आहे, असा संशय त्या वेळेपासूनचा. स्लोन सर्वेक्षणाने खविषुववृत्तालगतची एक पट्टी अधिक खोलवर तपासली होती. तिच्यातल्या दीर्घिकांची अंतरे लावताना पुण्याच्या आयसरमधले पीएचडीचे विद्यार्थी शिशिर सांख्यायन आणि बागची यांच्या लक्षात आले की ही भिंत थांबायला तयार नाही. बागचींच्या जोडीला होते आयुकाचे तेव्हाचे संचालक सोमक रायचौधुरी. त्यांनी १९८९ मध्ये केंब्रिजला विद्यार्थी असताना शॅपली महासमूह दाखवून दिला होता. एका आयुष्यात दोन महासमूहांच्या शोधात हात असणारी माणसे फार नाहीत. उरलेल्यांत आयुकाचे प्रतीक दाभाडे, जमशेदपूरच्या एनआयटीतले प्रकाश सरकार, आणि केरळातल्या थोडुपुळा इथल्या न्यूमन कॉलेजचे जो जेकब.

ही नावे नीट वाचली म्हणजे या संस्थेचा सगळा इतिहास त्यात सापडतो. थोडुपुळा हे काही महानगर नव्हे, आणि न्यूमन हे पदवीचे महाविद्यालय. तिथे तास घेणारा शिक्षक, पुण्यातला विद्यार्थी आणि जमशेदपूरचा प्राध्यापक यांनी न्यू मेक्सिकोच्या दुर्बिणीने टिपलेल्या आणि सर्वांना खुल्या ठेवलेल्या सूचीतून विश्वातल्या सर्वांत मोठ्या रचनांपैकी एक शोधली. यशपाल आणि नारळीकर यांनी १९८८ मध्ये जे कागदावर मांडले होते, त्याचा याहून चांगला दाखला देता येणार नाही.

शोधाचे महत्त्व आकारापुरते नाही. ३० कोटी प्रकाशवर्षांच्या पुढे विश्व सारखे दिसायला हवे, मग ६० कोटींची रचना कशी? उत्तर असे की सरासरी सारखी असली तरी अपवाद असतात; प्रश्न एवढाच की इतके मोठे अपवाद किती असावेत. शिवाय आपण पाहतो तो प्रकाश ४०० कोटी वर्षांपूर्वीचा. तेवढ्या काळापूर्वी एवढे वस्तुमान एकत्र आलेले होते, याचा अर्थ लावताना न दिसणारे पण ओढून घेणारे कृष्णद्रव्य आणि प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा यांच्या रस्सीखेचीचा हिशेब मांडावाच लागतो.

भिंगातून वजन

दीर्घिका दिसतात, पण विश्वातले बहुतेक द्रव्य दिसत नाही. मग दीर्घिकांच्या दाटीवरून द्रव्याची दाटी किती मानायची? हा प्रश्न आयुकाचे सुरहुद मोरे आणि त्यांचे सहकारी गुरुत्वीय भिंगाच्या मदतीने सोडवतात. मागच्या दीर्घिकेचा प्रकाश पुढच्या वस्तुमानाजवळून येताना किंचित वाकतो आणि तिचा आकार किंचित ताणलेला दिसतो. एका दीर्घिकेत हा ताण ओळखू येत नाही. लाखो दीर्घिकांची सरासरी काढली की दिसतो.

हवाई बेटावरच्या मौना केआ शिखरावर जपानची ८.२ मीटरची सुबारू दुर्बीण आहे. तिच्यावरच्या ८७ कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या सुमारे अडीच कोटी दीर्घिकांचे आकार, आणि त्यांच्या पुढे असलेल्या स्लोनच्या दीर्घिकांची दाटी, यांची सांगड घालून २०२३ मध्ये निकाल आले. दाटीच्या मोजणीवरच्या मुख्य शोधनिबंधाचे पहिले लेखक मोरे होते.

या कामात घेतलेली एक खबरदारी सांगण्याजोगी आहे. उत्तर आपल्याला आवडेल तिकडे झुकू नये म्हणून आकारांच्या तीन सूच्या तयार केल्या गेल्या. त्यांतली एकच खरी. उरलेल्या दोन मुद्दाम बिघडवलेल्या. कोणती खरी हे गणित करणाऱ्यांना ठाऊक नाही. तिन्हींवर सारखेच काम करायचे, सगळ्या तपासण्या संपवायच्या, आता काही बदलणार नाही असे ठरवायचे, आणि मगच पाकीट उघडायचे. जे निघेल ते छापायचे.

निघाले ते असे : द्रव्य किती गोळा झाले आहे, हे दाखवणारा एक आकडा सुमारे ०.७७. प्लँक उपग्रहाने वैश्विक पार्श्वभूमी प्रारणावरून काढलेले भाकीत ०.८३ च्या आसपास. म्हणजे विश्व अपेक्षेपेक्षा थोडे कमी गुठळलेले. यावर बराच खल झाला. २०२५ मध्ये दुसऱ्या एका युरोपीय सर्वेक्षणाच्या अंतिम मोजणीत मात्र हे अंतर जवळजवळ बुजलेले दिसले. वाद मिटला असे लगेच म्हणता येणार नाही, पण तो मोजणीनेच मिटेल.

कृष्णऊर्जेच्या बाबतीतही असेच. आदिम विश्वातल्या ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या विखुरणीवर एक ठरावीक अंतर कोरून ठेवले आहे, सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांचे. तेवढ्या अंतरावर जोड्या किंचित जास्त मिळतात. स्लोनच्या सूचीत ही खूण २००५ मध्ये सापडली. निरनिराळ्या काळांत ती केवढी दिसते यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येतो. साहनी, आयुकाचे माजी विद्यार्थी अर्मान शफीलू आणि मॉस्कोचे अलेक्सी स्टारोबिन्स्की यांनी २०१४ मध्येच या खुणेवरून कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी असा इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या डेझी सर्वेक्षणाने १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसार मोजून त्याच दिशेचा संकेत दिला. शिक्कामोर्तब व्हायचे आहे. पण २०१४ मध्ये पुण्यातून निघालेला प्रश्न आता जगाच्या पटलावर आहे.

औंढा नागनाथ आणि आपण

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मान्यता मिळाली. जागा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा तालुक्यात, दुधाळा गावाजवळ. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात उभ्या राहतील आणि दूरवर आदळणाऱ्या कृष्णविवरांच्या गुरुत्वीय लहरी टिपतील.

कृष्णविवरांची टक्कर आपले अंतर स्वतः सांगते, पण ताम्रसृती सांगत नाही. कारण तिथून प्रकाश येत नाही. ताम्रसृती मिळाली तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग थेट निघेल. इथे दीर्घिकांची सूची कामाला येते. कृष्णविवरे दीर्घिकांतच असणार, म्हणजे त्यांची दाटी दीर्घिकांच्या दाटीमागे जाणार. सयंतनी बेरा, दिव्या राणा, सुरहुद मोरे आणि सुकांत बोस या आयुकाच्या चौघांनी २०२० मध्ये दाखवले की नेमकी कोणती दीर्घिका हे ओळखता आले नाही आणि सूचीत बऱ्याच दीर्घिका राहून गेल्या असल्या, तरी टकरी आणि दीर्घिका यांच्या परस्पर सहसंबंधावरून प्रसरणाचा वेग काढता येतो. औंढ्याचे यंत्र चालू झाले की टकरीची दिशा आजच्यापेक्षा पुष्कळ नेमकी कळेल आणि ही पद्धत धारदार होईल. जोड्या मोजण्याचे जे गणित आयुकात तीन दशके रुजले, ते अशा रीतीने आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन पोचते.

२० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर गेले. त्यांनी उभी केलेली योजना आजही चालू आहे. सहयोगीपदासाठी महाविद्यालयातला शिक्षक अर्ज करू शकतो. स्लोनची सूची इंटरनेटवर फुकट आहे. डेझीने पहिला मुख्य हप्ता २०२५ मध्ये खुला केला. लागतो तो एक बरा संगणक, थोडे प्रोग्रामिंग, पदवीचे गणित आणि खोटा नकाशा इमानदारीने बनवण्याची चिकाटी. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून सहसंबंध फलन काढून पाहणे एका सत्रात जमण्यासारखे आहे. थोडुपुळाच्या कॉलेजातून जे झाले ते उमरखेड-पुसदच्या कॉलेजांतून होऊ नये असे कोणतेही कारण नाही. आयुकाच्या पुढच्या इतिहासात यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला किती ओळी येतील, हे गणेशखिंडीत ठरणार नाही. आपल्याकडून किती अर्ज जातात, त्यावर ठरेल.